खंजेरी शेकणाऱ्यांची ओळख छापा

संपादक महोदय,
आमच्या घरी वीज नव्हती तेव्हा बाबांच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी नागपूर लागायचं. सेल उतरले की आई ते सुपात घालून उन्हात ठेवायची. तिथेच वसंतराव देशपांडे ऐकले आणि वेडा झालो. ते आपल्या मूर्तिजापूरचे, जन्म १९२०चा, हे चाळिशीत कळलं तेव्हा डोळे भरून आले.

पण माझा कान घडवला खंजेरीनं. खंजेरीवर भजनं गाणारे तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. मी त्यांना पाहिलं नाही, आमच्या मोठेबाबांनी पाहिलं होतं. दवानं चामडं सैल पडलं की मोठेबाबा खंजेरी शेकोटीवर धरत, बोटानं टिचकी मारून कानाशी नेत. "थांब गा, अजून बोलत नाही," म्हणत. ती खणखणेपर्यंत भजन सुरू होत नसे. आताची प्लास्टिकची खंजेरी शेकावी लागत नाही, पण तिच्यात तो घुमारा नाही.

आपल्या जिल्हा पानावर गावोगावच्या जुन्या भजनी मंडळांची ओळख छापावी, ही कळकळीची विनंती. आमच्याकडे ऐंशीच्या घरातले दोघे अजून गातात. पोळा झाल्यावर, कापूस वेचणीच्या आधी वार्ताहर पाठवा. तेव्हा त्यांना सवड असते.

– एक वाचक, ता. तिवसा, जि. अमरावती