उजवीकडून चालायचे, हे कुणी सांगायचे?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या ‘डब्ल्यू अँड ओडी’ (वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन) या चालण्या-सायकलींच्या वाटेवरचा लेख वाचला. १९६८ साली बंद पडलेली रेल्वे, रूळ काढून केलेला पर्सेलव्हिलपर्यंतचा ७२ किलोमीटरचा डांबरी रस्ता, वाटेवरच्या व्हिएन्ना गावात जपलेला गार्डाचा डबा, सगळे आले आहे. फोटोही छान आहेत. पण ‘ज्येष्ठांनी इथे निर्धास्त फिरावे’ हे वाक्य वाचून राहवले नाही.

आमची मुलगी ॲशबर्नला असते. तिच्याकडे होतो तेव्हा आम्ही दोघे संध्याकाळी याच वाटेवर जायचो. आगगाडीसाठी घातलेला भराव, त्यामुळे चढ-उतार नावालाच. गुडघ्यांना बरे वाटायचे. पण त्याच सपाटीमुळे सायकलीही सुसाट येतात. तिथे चालणाऱ्याने उजव्या कडेने चालायचे, सायकल डावीकडून पुढे काढतात आणि तसे मागून ओरडून सांगतात. हिला जन्मभराची सवय डावीकडे सरकायची. हाक आली, ही डावीकडे झाली आणि हँडल कोपरावर बसले. कडेच्या खडीवर हात टेकून पडली, मनगटाचे हाड मोडले. सायकलवाला बिचारा थांबला, गाडी येईपर्यंत बसून राहिला; त्याला दोष देत नाही. पण नातवाला खेळवायला गेलेली आजी परतीच्या विमानात बसली तीही प्लास्टर घेऊनच.

दर उन्हाळ्यात तुमचे कितीतरी वाचक मुलांकडे जातात. हा एक नियम चौकटीत छापायला काय हरकत होती? कॉफी कुठे चांगली मिळते यावर अख्खा परिच्छेद आहे! याच वाटेवर फॉल्स चर्च गावात सायकलींना ११ फुटांचा आणि चालणाऱ्यांना ८ फुटांचा असे दोन वेगळे रस्ते केले आहेत. खरे शिकण्यासारखे ते आहे, आणि त्याचा लेखात उल्लेखही नाही.

आणखी एक. १८९७ मध्ये सुरू झालेल्या आमच्या बार्शी लाइट रेल्वेवर तुम्ही शेवटचे कधी लिहिलेत? ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिवकडे वळवला, तेव्हा येडशीच्या पुढचा जुना मार्ग सुटला. त्या जमिनीचे पुढे काय करायचे ठरले आहे, एवढे तरी वार्ताहर पाठवून विचारा. व्हर्जिनियापेक्षा येडशी जवळ आहे.

आपला,
एक जुना वाचक, बार्शी