सीडर जाळा म्हणता, पण तो कुणाचा ते पण सांगा

मा. संपादक,

हल्ली पेपरच्या पुरवण्या काय आणि रील्स काय, घरातली निगेटिव्ह एनर्जी घालवायला सीडर नावाच्या झाडाची वाळलेली पानं जाळा असं सगळीकडे चाललंय, आणि ज्यांची ही प्रार्थना आहे त्यांचं साधं नावही त्यात नसतं, याचा मला खरंच त्रास होतो.

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या भागातले अनिशिनाबे हे मूळनिवासी लोक तंबाखू, सेज ही सुगंधी वनस्पती, स्वीटग्रास हे सुवासिक गवत आणि सीडर ही चार पवित्र औषधं मानतात. त्यांचा सीडर म्हणजे थुजा नावाचं झाड, हिमालयातला देवदार वेगळा. फांदी घ्यायच्या आधी ते झाडापाशी चिमूटभर तंबाखू ठेवतात, कशासाठी नेतोय ते सांगतात आणि लागेल तेवढंच घेतात. ती चपटी खवल्याखवल्यांची पानं वाळवून निखाऱ्यावर टाकली की तडतडतात, मग तो धूर ओंजळीने डोक्यावर, डोळ्यांवर, छातीवर ओढून घ्यायचा आणि मग प्रार्थना. रूम फ्रेशनर आहे का तो?

आणि या मूळनिवासींना स्वतःचा धर्म पाळायला बंदी होती हो! अमेरिकेत १८८३ च्या नियमांनी त्यांचे धार्मिक नाच, वैद्यांचे विधी सगळं गुन्हा ठरवलं, कुणी केलंच तर रेशन बंद नाहीतर तुरुंग. धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा यायला १९७८ उजाडलं. कॅनडात पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळनिवासींच्या पॉटलॅच या मोठ्या समारंभावर १८८५ ते १९५१ बंदी होती.

झाडांचं तर अजूनच वाईट वाटतं. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हजार हजार वर्षांचे रेड सीडर आहेत, तिथले लोक खाली आडवी खाच पाडून सालीची एक अरुंद पट्टी वर ओढत नेतात, ती वर निमुळती होत सुटून येते आणि झाड जगतं, त्याचा व्रण शेकडो वर्षं दिसतो. त्याच किनाऱ्याजवळच्या मीअर्स बेटावर तोड सुरू होणार म्हटल्यावर १९८४ मध्ये तिथले लोक आडवे उभे राहिले, दुसऱ्या वर्षी कोर्टाने तोड थांबवली, आणि ते लोक पिढ्यानपिढ्या हे जंगल वापरत आल्याचा मोठा पुरावा हे सोललेले जुने वृक्षच होते.

म्हणून विनंती एवढीच की यापुढे सीडरच्या धुरावर काही छापाल तेव्हा त्या लोकांचं नाव, ही बंदी आणि त्या जंगलांची लढाई यावर निदान चार ओळी तरी द्या.

आपला,
एक नियमित वाचक