काका, त्या ३७ काड्यांबद्दल

प्रिय काका,

काल संध्याकाळी आम्ही घरातले सगळे तुम्ही आमच्या अंगणात वाढवलेल्या हिरवळीवर पहिल्यांदा अनवाणी बसलो. अंधार पडला तरी कुणी उठेना. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं आणि ते चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" म्हणून विषय संपवता. मला तो इतक्यात संपवायचा नाही.

हे आमचं पहिलं घर. वर्षानुवर्षं भाड्याच्या घरांतून चार कुंड्या सोबत घेऊन फिरलेल्या माणसाला स्वतःची मूठभर माती मिळाली की काय वाटतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधीचे लोक गेल्यापासून अंगणाकडे कुणी बघितलं नव्हतं. कुठे गुडघाभर तण, कुठे नुसती टणक जमीन. तरीही घर बघायला आलो त्याच दिवशी, खोल्या बघून व्हायच्या आत, मी मनातल्या मनात बाग लावून मोकळी झाले होते.

मग तो पहिला ठेकेदार आला. त्याने वरवर खरडलं, तयार हिरवळीचे तुकडे आणून अंथरले, "पंधरा दिवसांत मूळ धरेल" म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. महिन्याभरात सगळं पिवळं पडलं. एक तुकडा कोपऱ्याला धरून उचलला तर चटईसारखा अख्खा हातात आला. मूळ खाली गेलंच नव्हतं, आणि जाणार तरी कुठे? पुढे तुम्ही पहार घातलीत तेव्हा चार बोटांवर विटांचे तुकडे आणि गिलाव्याचे खपले लागले. बांधकामाचा राडारोडा तिथेच गाडून वर माती पसरलेली. त्या गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, तुम्ही पाणी कमी घातलंत. दुसऱ्यांदा केला तर म्हणाले, जास्त घातलंत. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही. त्यानंतर आलेल्या माणसाने तर फाटकातूनच सांगितलं, "इथे काही येणार नाही, फरशी घालून टाका."

गवत गेलं त्याहून जास्त हे लागलं, की मी त्यांचं खरं मानलं. कितीतरी महिने वाटत राहिलं, आपल्याच हाताला गुण नाही. मी मागचं दार उघडणंच सोडलं होतं.

तुम्ही आलात त्या सकाळी मीच आधी म्हणाले, "सगळं मेलंय हो काका, उपटून टाका." तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. कुंपणाच्या कडेच्या वाळक्या काटक्या गोळा केल्यात, त्यांचे वीतभर तुकडे केलेत आणि गुडघ्यांवर बसलात. हाताने तण बाजूला करायचं, खाली बघायचं, पुढे सरकायचं. मधूनच एक काडी रोवायची. मी आधी दारात उभी होते, मग पायरीवर आले, मग तुमच्या शेजारी येऊन बसले. तेव्हा तुम्ही एक हिरवा दांडा माझ्या बोटांत दिलात आणि म्हणालात, "फिरवून बघा." दांड्याला तीन धारा लागल्या. "हा लव्हाळा, तण. आता हे बघा." तणाच्या खाली, जमिनीला घट्ट चिकटून हरळीची, म्हणजे हिरवळीच्या गवताची, एक बारीक वेल चालली होती. पेरापेराला मूळ धरलेलं, आणि टोकाला दोन कोवळी पाती, माझ्या नखाएवढी. तिच्याशेजारी तुम्ही काडी रोवलीत.

दुपारी उठलात, गुडघे झाडलेत आणि म्हणालात, "ताई, मोजा बरं." ३७ भरल्या.

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. पाणी आणायच्या निमित्ताने मी आत गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. ज्या जमिनीला दोन माणसांनी मेलेली ठरवलं होतं, तिच्यात ३७ ठिकाणी जीव होता. गुडघे टेकून बघायला कुणी आलं नव्हतं, एवढंच.

पुढचं काम किती होतं ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे, ते इथे मांडत बसत नाही. राडारोड्याची पोती भरून निघाली. लव्हाळा नुसता उपटला की पातं तुटतं, गाठ खाली राहते आणि पुन्हा फुटते. म्हणून दर पंधरवड्याला माग काढत तो खणायचा, म्हणजे नवी गाठ धरायला त्याला उसंत मिळत नाही. हे तुम्ही मला खुरपं हातात देऊन शिकवलंत. रोज शिंपडल्यासारखं पाणी घातलं तर मुळं वरच घोटाळतात, म्हणून दोन-चार दिवसांनी पण खोल मुरेल असं घालायचं. कापताना पात्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त उतरवायचं नाही. हे सगळं मी विचारण्याआधी तुम्ही सांगितलंत, आणि का तेही सांगितलंत. ज्याला आपलं गिऱ्हाईक कायम आपल्यावर अवलंबून राहायला हवं असतं, तो का ते सांगत नाही.

एकदा माझ्या हातून खुरप्याखाली चांगली हरळीच निघाली. मी घाबरून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ती उचललीत, ओल्या मातीत परत दाबलीत आणि पुढे कामाला लागलात. माणसाला कमी न लेखता चूक दुरुस्त करायची, ही फार मोठी सभ्यता आहे काका. शिकल्या-सवरल्या, मोठ्या हुद्द्यांवरच्या लोकांत मला ती फार थोडी दिसली. असा चांगुलपणा आवाज करत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही आणि फसवणाऱ्यांच्याच गोष्टी सगळीकडे फिरतात.

आता वेली एकमेकींना जाऊन मिळाल्यात. काल खणताना गांडूळ दिसलं, मुलीने हाक मारून सगळ्यांना गोळा केलं. गवत दाट होत गेलं तशा मी काड्या एकेक करून काढल्या. कुंपणाच्या कोपऱ्यातली एक अजून आहे. तिथलं गवत अजून भरायचंय. ती काढायला तुम्ही या.

तुमची,
ताई