अपडेटनंतर न उठणारा कॉम्प्युटर बिघडलेला नसतो

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अंबाजोगाईत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गावातल्या गिऱ्हाइकांपेक्षा केज, धारूर, परळी, रेणापूर भागातल्या खेड्यांतून येणारेच जास्त. सेवा केंद्र चालवणारी मुलं, शाळेतले गुरुजी, मोंढ्यातल्या आडतीवरचे मुनीम, लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले. महिन्याचा दुसरा मंगळवार उलटला की पुढचे आठ-दहा दिवस यांच्यातल्या कुणाची ना कुणाची तक्रार ठरलेली असते: काल स्लीप करून ठेवला होता, आज उठतच नाही. माझ्याकडे येण्याआधी त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की मदरबोर्ड गेला, नाहीतर फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकावं लागेल, नाहीतर आता नवीनच घ्या. सोयाबीनचे पैसे हातात आले म्हणून नवा लॅपटॉप घेऊन जाणारे कास्तकार मी बघतो आणि त्यांचा जुना चांगला चालणारा लॅपटॉप माझ्या टेबलावर असतो. म्हणून हे पत्र.

मंगळवारच का, तर विंडोजचं महिन्याचं सुरक्षा अपडेट अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी निघतं. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. बुधवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला की ते आपोआप उतरायला लागतं. त्याच वाटेने पुष्कळदा ड्रायव्हरही येतात, म्हणजे एकेक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून असलेले छोटे प्रोग्राम: डिस्प्लेचे, नेटवर्क कार्डचे, मदरबोर्डवरच्या चिपसेटचे. झोपणं आणि उठणं हे सगळं याच ड्रायव्हरांच्या भरवशावर चालतं. स्लीपमध्ये कॉम्प्युटर बंद झालेला नसतो. उघडलेलं काम रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत, तसंच राहतं, रॅमपुरती वीज चालू राहते आणि बाकी सगळं थांबतं. उठवताना ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरने आपापला भाग पुन्हा चालू करायचा असतो. त्यातल्या एकाने वेळेवर जबाब दिला नाही की गाडं तिथेच अडतं. प्रोसेसर जागा, पंखा फिरतोय, पॉवरची लाईट पेटलेली, आणि स्क्रीन काळी.

अशा वेळी दुकानात आणण्याआधी घरीच एक गोष्ट करून बघावी. कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबा आणि त्याची लहानशी लाईट लागते का, विझते का ते बघा. लाईट हलत असेल तर कॉम्प्युटर उठलेला आहे, फक्त चित्र येत नाही. मग विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची. याने डिस्प्लेचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एक बारीक बीप होतो, स्क्रीन लुकलुकते आणि पुष्कळ वेळा काल रात्रीचं काम जसंच्या तसं समोर येतं. लाईट हलतच नसेल तर मात्र पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरण्यावाचून इलाज नाही. मशीन चालू झाली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या सगळ्या भागांच्या यादीत, जाऊन डिस्प्लेचा ड्रायव्हर मागच्या आवृत्तीवर न्यावा. रोल बॅक ड्रायव्हर असं बटण तिथेच असतं. ते फिकट दिसत असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. रॅम खरोखर सैल असणं, पॉवर सप्लाय कमजोर झालेला असणं, हेही घडतं. पण मग कॉम्प्युटर चालू असतानाही त्रास देतो, नुसता झोपेतून उठतानाच नाही.

दुसरी तक्रार याच्या उलटी असते. रात्री झोपवलेला कॉम्प्युटर आपोआप उठतो आणि सकाळपर्यंत चालू राहतो. धारूर रस्त्यावरच्या एका डीटीपीवाल्यांकडे हे चाललं होतं. कुणीतरी बाहेरून कॉम्प्युटरमध्ये शिरतंय अशी त्यांची खात्री झाली होती आणि भीतीने त्यांनी रात्री वायरच काढून ठेवायला सुरुवात केली होती. मी जाऊन कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडला आणि पॉवरसीएफजीची लास्टवेक ही आज्ञा दिली. शेवटी कुणी उठवलं ते कॉम्प्युटर स्वतःच सांगतो. नाव आलं माऊसचं. त्यांच्या भिंतीला लागूनच पिठाची गिरणी आहे. पहाटे गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं, माऊस किंचित सरकतो आणि कॉम्प्युटर जागा होतो. गिरणी तर कित्येक वर्षांची, मग आधी का होत नव्हतं? कारण माऊसने उठवू नये अशी खूण आधी कुणीतरी केलेली होती आणि अपडेटबरोबर ड्रायव्हर बदलला तेव्हा ती पुसली गेली. डिव्हाइस मॅनेजरमधल्या माऊसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये एक टिक काढली, विषय संपला. कुणी माऊसऐवजी नेटवर्क कार्डने उठतो, कुणी वेक टायमरने, म्हणजे ठरल्या वेळी उठवणाऱ्या गजराने. शोधायची पद्धत तीच. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याची सेटिंग बदलायची नाही हे माझ्या दुकानातल्या शिकाऊ पोरालाही शिकवावं लागत नाही. अपडेट पाठवणाऱ्यांनीही तेवढं पाळावं.

गुरुजी मंडळींची तक्रार तिसरीच. लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला, एसटीने गावी गेले, पिशवी उघडली तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी संपलेली. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची झोप ठेवलेलीच नाही. त्यात मॉडर्न स्टँडबाय असतं. स्क्रीन बंद, पण आत कॉम्प्युटर मोबाइलसारखा अर्धवट जागा. एखादा ड्रायव्हर नीट थांबला नाही तर तो पिशवीत बंद हवेत तापत राहतो. अशांनी पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट निवडावं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहिलं जातं आणि लॅपटॉप खरोखर बंद होतो. उठायला थोडा वेळ घेतो, पण बॅटरी खात नाही आणि तापत नाही.

आमच्या भागात हायबरनेटचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. डीपी जळाली की दोन-दोन दिवस लाईट येत नाही. डेस्कटॉप स्लीपमध्ये असताना लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असेल तर रॅममधलं सेव्ह न केलेलं सगळं जातं. मोंढ्यातल्या मुनिमांना मी कायम सांगतो, जेवायला जाताना स्लीप चालेल, रात्री दुकान बंद करताना नको.

आता सेवा केंद्रांचं. या तक्रारींमध्ये मला सगळ्यात जास्त टोचते ती हीच. कॉम्प्युटर झोपेतून उठतो, स्क्रीनही येते, पण अंगठा घेणारं यंत्र उठत नाही. आधारच्या अंगठ्यासाठी आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम चालू असावा लागतो. यूएसबीवरचं यंत्र झोपेतून परत आलं नाही की तो डिव्हाइस नॉट रेडी एवढंच सांगत बसतो. केज तालुक्यातल्या एका केंद्रावर मी दुरुस्तीला गेलो होतो तेव्हा एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. खुरपून खुरपून बोटांच्या रेषा झिजलेल्या. मुलगा त्यांना पुन्हा पुन्हा अंगठा ठेवायला सांगत होता, त्या बोट पदराला पुसून पुन्हा ठेवत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "माझंच बोट खराब झालंय रे बाबा." यंत्राच्या काचेखालची लाल लाईट लागलेलीच नव्हती. अंगठा घेतलाच जात नव्हता. वायर काढून पुन्हा लावली, लाईट लागली, दोन-तीन वेळा ठेवून आजींचा अंगठा लागला. त्याआधी अशीच किती माणसं उद्या या म्हणून परत गेली असतील, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं. खेड्यातून येणाऱ्याची परतीची फेरी म्हणजे बुडालेला रोज असतो.

केंद्रवाल्यांनी एवढं करावं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब असं लिहिलेल्या प्रत्येक ओळीत जाऊन, वीज वाचवण्यासाठी हे बंद करायची परवानगी देणारी टिक काढावी. पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी यंत्र झोपवणारी सोय, तीही बंद करावी. आणि मोठं अपडेट झालं की या दोन्ही जागा पुन्हा तपासाव्यात. अजून एक, शट डाऊन करून चालू केल्याने दोष जात नसेल तर रीस्टार्ट करून बघावं. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यामुळे शट डाऊन केलं तरी विंडोजचा आतला गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि तोच पुन्हा उचलला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

जुन्या मशीनवाल्यांची अडचण वेगळी आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणजे नेहमीचे अपडेट थांबले. जादा मुदतीसाठी नोंदणी केलेल्या घरगुती कॉम्प्युटरना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, पण अशी नोंदणी असते हेच इकडे फार कमी जणांना कुणी सांगितलं. आणि कित्येक ठिकाणी नियमात न बसणाऱ्या जुन्या मशीनवर विंडोज 11 आडमार्गाने टाकून दिलं जातंय. त्यावर डिस्प्लेचा योग्य ड्रायव्हर मिळाला नाही तर विंडोज आपला साधा कामचलाऊ ड्रायव्हर वापरतं आणि त्यावर स्लीपच चालत नाही. पॉवरच्या बटणाखाली शट डाऊन आणि रीस्टार्ट एवढंच उरतं. स्लीप गायब झालं म्हणजे मशीन मेली नाही, ड्रायव्हर बसलेला नाही.

हे सगळं वाचून कुणी अपडेट कायमचं बंद करून टाकू नये. आमच्या धंद्यातले काही जण गिऱ्हाइकाची कटकट नको म्हणून तेच करतात आणि ते धोक्याचं आहे. मार्च 2017 मध्ये विंडोजच्या सुरक्षेतल्या एका भोकावर अपडेट निघालं होतं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांच्या मशीन मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांचंही काम बंद पडलं होतं. सेवा केंद्रात शेकडो लोकांचे आधार, सातबारा, बँकेचे कागद असतात. ते उघड्यावर ठेवायचे नाहीत. बंद करण्याऐवजी थांबवावं: सेटिंगमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतं. तोवर काही दोष असेल तर तो उघड होतो आणि दुरुस्तीही येते. जानेवारी 2026 चंच बघा. 13 तारखेच्या अपडेटनंतर विंडोज 11 च्या 23 एच 2 आवृत्तीवरच्या, सिक्युअर लाँच (चालू होतानाची एक सुरक्षा सोय) चालू असलेल्या काही मशीन बंद किंवा हायबरनेट होण्याऐवजी रीस्टार्ट होऊ लागल्या. दोष जाहीर झाला आणि 17 तारखेला स्वतंत्र दुरुस्ती निघाली. ज्यांनी आठवडाभर कळ काढली त्यांच्यापैकी बहुतेकांना हा त्रास झाला नाही.

फॉरमॅटबद्दलही स्पष्ट लिहितो. आमच्याकडे फॉरमॅटचे पाचशे-सातशे रुपये घेतात, ते एक वेळ जाऊ द्या. पण डीटीपीवाल्याचं जुन्या मराठी फाँटचं लायसन्स जातं आणि ते पुन्हा मिळत नाही. मुनिमाच्या हिशेबाचा बॅकअप जुना निघतो. लेकरांच्या जन्मापासूनचे फोटो जातात. आणि फॉरमॅटनंतर तेच अपडेट पुन्हा उतरतं, तोच ड्रायव्हर पुन्हा बसतो आणि आठवड्याने माणूस पुन्हा दारात. नवीन अपडेट काढून टाकायची सोय अपडेट हिस्टरीमध्ये आहे. मोठी आवृत्ती बदलली असेल तर दहा दिवसांच्या आत मागे जाता येतं. हे दोन्ही करून बघितल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नये.

माझं मागणं तीन जणांकडे आहे. कॉम्प्युटर आणि विंडोज विकणाऱ्या कंपन्यांकडे हे की विंडोज मराठीत दाखवता येतं, तर ज्ञात दोषांची यादीही मराठीत द्यावी, आणि वीज-झोपेची सेटिंग बदलणार असेल तर आधी विचारावं. वॉरंटीतला लॅपटॉप घेऊन माणूस लातूरला किंवा संभाजीनगरला जातो आणि हा सॉफ्टवेअरचा दोष आहे, वॉरंटीत बसत नाही, असं ऐकून परत येतो. ड्रायव्हर त्यांनीच पाठवलेला असेल तर तो दोष त्यांचाच धरला पाहिजे.

जिल्हा प्रशासनाकडे हे की जून-जुलैत उत्पन्नाच्या, जातीच्या आणि नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यांची गर्दी असते, नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांची. या दिवसांत प्रत्येक तालुक्यात एका मशीनवर आणि एका अंगठा यंत्रावर अपडेट आधी लावून बघावं. एक रात्र झोपवून सकाळी उठवावं आणि मगच बाकीच्या केंद्रांना घ्या म्हणून कळवावं. याला नवीन निधी लागत नाही, एक जबाबदार माणूस लागतो.

आणि संपादक महाशय, आपल्याकडे हे की दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी आपल्या अंकात चार ओळींची चौकट द्यावी: या महिन्याच्या अपडेटमध्ये काय अडलं, कुणी थांबावं, कुणी लगेच घ्यावं. बाजारभावाशेजारी दिली तर केंद्रवाले आणि मुनीम नक्की वाचतील. मजकूर तपासून द्यायचं काम मी विनामोबदला करीन.

आपला नियमित वाचक,
एक संगणक दुरुस्तीकार,
अंबाजोगाई, जि. बीड