सूचना : गच्चीवरच्या सोलरबाबत

सर्व सभासद आणि तळमजल्यावरचे दुकानदार यांस,

‘सोलर बसवूनही आमचं बिल का उतरलं नाही?’ असं बरेच जण विचारतात. ही वीज सोसायटीच्या सामायिक मीटरला जोडली आहे : लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे. म्हणजे बचत घरच्या बिलात नव्हे, मेंटेनन्सच्या हिशेबात दिसेल, दुकानदारांनाही तशीच. स्वच्छ उन्हात एक किलोवॉटच्या पॅनलमागे दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. दुपारी उरलेली वीज महावितरणकडे जाते आणि नेट मीटरमुळे (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) बिलातून वजा होते.

लाइट गेली की सोलरही बंद पडतं. तो बिघाड नाही. आपली वीज उलटी तारांत जाऊन खांबावरच्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून ती सोय आहे. कृपया सेक्रेटरींना फोन करू नये!

पॅनलवर धूळ आणि कबुतरांची घाण साचली आहे. रविवारी सकाळी ७ वाजता, पॅनल तापण्याआधी, साध्या पाण्याने धुणार आहोत. मऊ कापड आणावं. घासणी, साबण नको. आणि पॅनलवर पापड वाळत घालणं थांबवावं. कुणाचे होते ते विचारत नाही, पण सावलीने वीज घटते.

– व्यवस्थापक समिती