भैरवी आणि ओ निगेटिव्ह

मिरज
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसलो की केंद्रावरून फोन येतो आणि केंद्रावरून घरी आलो की डोळे मिटायला लागतात. "रिटायर होऊन रेडिओवर बडबडतोस म्हणे, ऐकतं कोण?" असं लिहिलंयस. झोंबलं मला ते. म्हणून आज बैजवार लिहितो. वहिनींना चहा टाकायला सांग आणि मग वाच.

आमचं कम्युनिटी रेडिओचं केंद्र म्हणजे एका संस्थेच्या गच्चीखालच्या दोन खोल्या. भिंतींना फोम, फोम संपला तिथून पुढे अंड्यांचे ट्रे. वर लोखंडी मनोरा. १०० वॉटच्या आत राहायचं असा नियम, त्यामुळे आवाज जातो दहा-पंधरा किलोमीटर. मिरजेत बोललेलं सांगलीत स्वच्छ ऐकू येतं, जयसिंगपूरला खरखर आणि कोल्हापूरला काहीच नाही. रेडिओच्या लहरी सरकारच्या नसून लोकांच्या मालकीच्या आहेत, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलं. आपल्यासारख्या गावातल्या संस्थांच्या हाती त्या यायला २००६ उजाडलं. म्हणजे अकरा वर्षं. आपली नॅरोगेज बरी होती म्हणायची.

मी गेलो होतो आजोबांच्या तबकड्या घेऊन. तुला ती पेटी आठवत असेल, आपण तिच्यावर बसून कैऱ्या खायचो आणि आजोबा छत्री घेऊन मागे लागायचे. त्यातल्या चाळीसेक अजून वाजतात. ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे गरीब केंद्राला जुनी तबकडी परवडते आणि नवं गाणं परवडत नाही. ते म्हणाले, दर बुधवारी अर्धा तास घ्या, मिरजेच्या गाण्याचा इतिहास सांगा. मी मनात म्हटलं, चला, गावाला जरा शहाणं करू.

पहिल्याच महिन्यात शहाणा झालो तो मी. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांवर बोलत होतो. बोलता बोलता सांगून टाकलं की १९३७ साली ते मिरजेत वारले. कार्यक्रम संपायच्या आत फोन. मार्केटातले एक म्हातारे शिंपी. "साहेब, तुम्ही रेल्वेतले ना? मग एवढं ठाऊक नाही? खाँसाहेब गाडीत होते. मद्रासकडं. पुरलंय फक्त हितं." अगदी बरोबर होतं त्यांचं. पाँडिचेरीला जाताना वाटेत बरं वाटेना म्हणून खाँसाहेब सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. सांगतात की तिथे प्लॅटफॉर्मवरच तंबोरा लावायला सांगितला, थोडं गायले आणि गेले. ३४ वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसानं ही चूक करावी! त्या रात्री मला तो प्लॅटफॉर्म दिसत राहिला. रात्रपाळीचा स्टेशनमास्तर, हातात कंदील आणि बाकाजवळून येणारा तंबोऱ्याचा आवाज. त्या मास्तरानं ड्यूटीच्या वहीत काय लिहिलं असेल रे?

पुढच्या बुधवारी चूक सांगितली, शिंप्यांची माफी मागितली. तेव्हापासून ते माझे परीक्षक. खाँसाहेबांच्या टिपू नावाच्या कुत्र्याला सूर लावायला शिकवलं होतं, हेही त्यांनीच मला आठवण करून दिलं आणि वर म्हणाले, "कुत्रं तुमच्यापेक्षा बरं गायचं म्हणे."

आता मुख्य गोष्ट. गेल्या वर्षी एका बुधवारी मी खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी लावली होती. ओडियनची तबकडी, १९३० नंतरची. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत तो माणूस काय करतो ते तुला माहीत आहे, मी सांगायला नको. वरच्या षड्जावर जाऊन आवाज असा ठेवलाय की आपण श्वास घ्यायचं विसरावं. नेमकं तिथे कन्सोलवर बसलेल्या पोरीनं गाण्याच्या आवाजाचा फेडर खाली ओढला आणि माइक चालू केला. अमुक दवाखान्यात बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवंय, ज्यांना शक्य आहे त्यांनी या नंबरवर फोन करावा. दोनदा सांगितलं, सावकाश. मग कानडीत एकदा. मग फेडर वर. तोवर खाँसाहेब संपले होते, नुसती सुई खरवडत होती.

मी चिडलो. काचेपलीकडून हातवारे केले, बाहेर येऊन बोललो, नको ते बोललो. पोरगी बावीस वर्षांची. शांतपणे म्हणाली, "काका, तुमची रेकॉर्ड नव्वद वर्षं थांबलीय. अजून दोन मिनिटं थांबली असती." आणि पुढच्या कार्यक्रमाची फाइल लावायला लागली. अर्ध्या तासात दोघे जण रक्त द्यायला पोचले, हेही तिनंच संध्याकाळी मेसेज करून कळवलं. मी अंगठा पाठवला. शब्द नव्हते, आणि राग पुरता गेलाही नव्हता.

तशात पुढच्या आठवड्यात माझा विषय होता विष्णु दिगंबर पलुस्कर. टिपणं काढत होतो. कुरुंदवाडचा मुलगा, जन्म १८७२. लहानपणी तोंडाशी फटाका उडाला आणि डोळे गेल्यातच जमा झाले. वडिलांनी औषधासाठी आणलं कुठे, तर मिरजेला, डॉक्टर भडभड्यांकडे. दृष्टी पुरती काही परत आली नाही. पण इथे संस्थानिकांच्या आश्रयानं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली. ग्वाल्हेरचं गाणं महाराष्ट्रात आणणारे बुवा ते. त्या तालमीतून जो माणूस निघाला त्यानं १९०१ साली थेट लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. डोळे घेऊन आला होता, गळा घेऊन गेला.

आणि खाँसाहेब? जन्म त्याच साली, १८७२. कैराण्याचा हा गवई तुझ्या बडोद्याच्या दरबारातून निघाला आणि फिरत फिरत इकडे आला. इथे सांगतात की त्यांना प्लेगनं गाठलं होतं, ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले, उतार पडला, आणि मग मिरज सुटलीच नाही. दंतकथा धर हवं तर. पण मिरजेनं ती शंभर वर्षं जपून ठेवली आहे.

पेन खाली ठेवलं बघ. म्हणजे हे दोघेही पेशंट म्हणून आपल्या गावात आले होते! आपण शाळेत असल्यापासून ऐकतोय, मिरज म्हणजे दवाखाने आणि मिरज म्हणजे गाणं. पण ही दोन मिरजा आहेत असंच मला कायम वाटायचं. स्टेशनच्या बाजूला एक आणि दर्ग्याच्या बाजूला दुसरी. आजही सकाळच्या गाडीनं बेळगाव, विजापूरकडचे लोक उतरतात, हातात फायलीची पिशवी आणि जेवणाचा डबा. आमच्या केंद्रावर त्यांच्यासाठी रोज दहा मिनिटं असतात. स्वस्तात राहायची सोय कुठे, कोणत्या योजनेला कोणता कागद लागतो, औषधाचं दुकान रात्री कुठलं उघडं असतं. मी त्याला "चौकशीची खिडकी" म्हणायचो, थोडं नाक मुरडूनच. आता त्या दहा मिनिटांनंतर लगेच माझा कार्यक्रम लावा असं मीच सांगितलंय. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्याला निदान एक तबकडी ऐकू येईल.

पुराचं तुला सांगितलं होतं का? बहुतेक नाही. २०१९ च्या ऑगस्टात मी नवाच होतो. तीन वर्षांपूर्वी, २०१६ च्या एप्रिलात, आपल्याच यार्डातून लातूरला पाण्याची गाडी सोडली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी ड्यूटीवर होतो, वाघिणींना हार घातले होते लोकांनी. आणि आता कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर! मिरजेत कृष्णाघाटाकडचे लोक शाळांत आणून ठेवलेले. वीज नाही. आम्हाला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण पाण्याची पातळी, बंद रस्ते, दूध-औषधं कुठे मिळतील हे सांगता येतं. तेच दिवसभर चालू. मोबाइलमधला रेडिओ इअरफोन खोचल्याशिवाय लागत नाही, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात एकेका इअरफोनला दोन-दोन कान लावून माणसं बसलेली मी स्वतः पाहिली.

त्या गडबडीत संध्याकाळचं काँप्युटरवर आधीच भरून ठेवलेलं तसंच राहिलं. श्रावण लागलेला, म्हणून मी हौसेनं मल्हाराचे प्रकार लावून ठेवले होते. साडेसहाला मियाँमल्हार सुरू झाला. दोन मिनिटांत फोन. "आवो सर, हितं गळ्यापातूर पाणी आलंय आन् तुमी आजून पावसाला हाका मारताय व्हय?"

जीभ टाळ्याला चिकटली. धावत जाऊन बंद केलं आणि ठरवलं, आता पाणी उतरेपर्यंत गाणं नाही, नुसत्या सूचना. पाचव्या दिवशी एका शाळेतून बाईंचा फोन आला. नुसतं पाणी किती, पाणी किती ऐकून जीव घाबरा होतो, पोरं झोपत नाहीत, एखादं गाणं लावा की. मी विचारलं, काय लावू? म्हणाल्या, "कायबी लावा. पावसाचं सोडून."

हिराबाई बडोदेकर लावल्या. खाँसाहेबांची मुलगी, जन्म इथलाच, १९०५ चा. त्या रात्री दर सूचनेनंतर एक बाजू, असं साडेअकरापर्यंत चालवलं, जनरेटरचं डिझेल संपेपर्यंत.

आता एक गंमत सांगतो आणि आटपतं घेतो. मागे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२४ साली. पेपरात आलं, सत्कार झाले. मी म्हटलं, कारागिरांकडे जाऊन रेकॉर्डिंग करू. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. संस्थानाचं हत्यारांचं काम आटलं तसे १९ व्या शतकात फरीदसाहेबांनी तंबोरे दुरुस्त करता करता नवे करायला घेतले, आणि गल्लीच उभी राहिली. मी गेलो त्या दुकानात माळ्यापर्यंत भोपळे रचलेले. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येतात, नदीकाठच्या रानातले. प्रत्येकावर खडूनं कायकाय लिहिलेलं.

दुकानातले चाचा जवारी लावत होते, म्हणजे तार टेकते ती घोडी घासून आवाज खुलवत होते. मांडीवर तंबोरा, हातात बारकी कानस. घोडीवर दोन हात फिरवायचे, इतके हलके की भुगासुद्धा दिसत नाही. मग तार छेडायची. मग घोडी आणि तार यांच्यामधला दोरा नखानं केसभर सरकवायचा. पुन्हा तार. आधी आवाज बोथट येत होता, डबा वाजवल्यासारखा. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सर, जरा थांबा, अजून उघडला नाही." आम्ही थांबलो. बाहेर स्कूटर, अजान, कुणाचं तरी भांडण. वीस मिनिटांनी एकदा दोरा सरकला आणि त्या एका तारेतून आवाज असा फुटला की गल्लीभर पसरला. चाचांनी कानस खाली ठेवली आणि चहा मागवला. मोबाइलमधल्या तंबोऱ्यामुळे कामं किती कमी झाली असं विचारलं, तर उत्तर न देता माझ्याच मोबाइलकडे बघितलं. रेकॉर्डिंग त्यातच चाललं होतं.

केंद्रावर मला ती कानशीची खरखर काढून टाकायची होती. पोरगी म्हणाली, राहू दे काका. राहू दिली. त्या भागानंतर सगळ्यात जास्त फोन आले, आणि शिंप्यांनी पहिल्यांदा एकही चूक काढली नाही.

तर ऐकतं कोण, हे कळलं का तुला? गणितात भोपळा मिळाला म्हणून तुम्ही मला भोपळ्या म्हणायला लागलात, आणि शेवटी त्याच फळाच्या दारात जाऊन बसायची वेळ आली. असो.

आता कामाचं. दर्ग्यातल्या उरुसाला ये. चिंचेखालची संगीतसभा तू कॉलेजनंतर ऐकलेलीच नाहीस. मोठमोठे लोक अजून बिदागी न घेता हजेरी लावून जातात, रात्रभर. राहायला घर आहेच, वरची खोली झाडून ठेवतो. तुझ्या वडिलांच्या तबकड्यांत काही सापडलं तर कापडात गुंडाळून हातात घेऊन ये, कुरियर करू नकोस.

आणि हो, तुझा रक्तगट मी विसरलेलो नाही. आलास की पहिल्यांदा केंद्रावर नेतो. पोरीच्या वहीत ओ निगेटिव्हच्या पानावर चारच नावं आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
भोपळ्या