पाठीचा आधार गुडघ्यामागून मोजणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ऑफिसातल्या खुर्च्यांची चाकं, हायड्रोलिक (खुर्ची खाली-वर करणारा दांडा), मोडलेले हात बदलायला तुम्ही येता, बिल देता आणि पुढच्या कामाला निघता. माझ्या खुर्चीपाशी तुम्ही जो वेळ घालवलात तो मात्र कुठल्याच बिलात लागला नाही. विचारलं तर तुम्ही हसलात आणि पेटी उचललीत. म्हणून हे आभाराचं पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही सांगितलेलं माझ्यासारख्या कंबर धरलेल्या अनेकांच्या उपयोगी पडेल.

तुम्ही माझी खुर्ची आडवी केलीत, सीटचा फोम अंगठ्याने दाबून पाहिलात आणि म्हणालात, "ताई, तुम्ही टोकावर बसता." मी काही बोललेही नव्हते. पुढच्या काठाचा फोम पार बसला होता, मागचा नव्यासारखा होता, आणि पाठीच्या जाळीवर घासल्याची खूणसुद्धा नव्हती. त्या खुर्चीला कंबरेचा आधार होता, तोही खाली-वर होणारा. पण माझी पाठ त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. आधार कसा आहे, मऊ की कडक, याची चर्चा सगळेच करतात. माणूस तिथवर पोचतो का, हे विचारणारे तुम्ही पहिलेच.

मग तुम्ही मला जमेल तेवढं मागे सरकून बसायला लावलंत आणि म्हणालात, "आता स्वतःची बोटं गुडघ्यामागच्या लवणीत घालून बघा." बोटं जायला जागाच नव्हती. सीटचा काठ थेट लवणीत रुतत होता. तिथे दोन-तीन बोटं, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर, मोकळी हवीत. नाहीतर तिथल्या रक्तवाहिन्या आणि नसा दाबल्या जातात, पायाला मुंग्या येतात आणि शरीर आपोआप पुढे सरकतं. तुमची टेप लावल्यावर सगळं उलगडलं: पाठीपासून लवणीपर्यंत माझं माप ४४ सेंटिमीटर आणि सीटची खोली ४९. या खुर्चीत मी टेकून बसणं शक्यच नव्हतं. पुढे सरकलं की ओटीपोटाचं हाड मागे कलंडतं, कंबरेचा आतला बाक सपाट होतो, आणि मग दिवसभर पाठीचे स्नायू एकटेच वजन पेलत राहतात. मला कोणीतरी सांगितलं होतं, 'ताठ बसायची सवय लाव.' सवयीचा काय संबंध? फरक पाच सेंटिमीटरचा होता.

तुमचं एक वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवलं: "पाठीचा आधार बघायचा असेल तर सुरुवात गुडघ्यामागून करा." नवी खुर्ची बघताना मी सगळ्यात आधी सीट पुढे-मागे सरकते का, हे विचारलं. विकणाऱ्यांना हा प्रश्न फारसा आवडत नाही, असं माझं निरीक्षण आहे. ते डोक्याच्या उशीकडे बोट दाखवतात. सरकणारी सीट नसेल, तर निदान खोली कमी असलेली खुर्ची आहे का, हा माझा दुसरा प्रश्न. चपला आपण नंबरने घेतो, पण खुर्ची मात्र एकाच मापाची सगळ्यांना चालेल असं धरून चालतो. हर्मन मिलर कंपनीची एरॉन खुर्ची १९९४ साली बाजारात आली. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांनी ती बनवली. तिच्यात फोम नाही, जाळी आहे, याचीच चर्चा होत राहते. मला तिच्यातलं जास्त पटतं ते हे, की ती ए, बी आणि सी अशा तीन मापांत मिळते.

आता आधाराच्या जागेबद्दल. तुम्ही म्हणालात, पट्टा बांधतो तिथून किंचित वर, कंबर आत वळते त्या जागी फुगवटा लागला पाहिजे. बसल्यावर सीटपासून मोजलं तर बहुतेकांना तो १५ ते २५ सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी लागतो. म्हणून एकाच जागी पक्का बसवलेला आधार बघून घ्यावा लागतो. फुगवटा फार पुढे आलेला असला तर तोच माणसाला ढकलून पुन्हा टोकावर आणतो. आणि त्याच्याखाली नितंबांना मागे जायला थोडी पोकळी हवी, नाहीतर कंबर टेकायच्या आत खालचा भाग अडतो. हे मला दुसऱ्या कोणीच सांगितलं नव्हतं.

काटकोनाबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यावर मात्र माझा चटकन विश्वास बसला नव्हता. "९० अंशांत बसणं फोटोपुरतं ठीक," असं तुम्ही म्हणालात, आणि पाठ थोडी मागे सोडून, १०० ते ११० अंशांत बसायला सांगितलंत. ताठ बसणारा शहाणा आणि रेलून बसणारा आळशी, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की मी घरी जाऊन वाचत बसले. अमेरिकेतले डॉक्टर कीगन यांनी १९५३ साली वेगवेगळ्या बैठकींमध्ये कण्याचे एक्स-रे काढून दाखवलं होतं, की धड आणि मांडी यांच्यातला कोन साधारण १३५ अंश असतो तेव्हा कंबरेचा बाक सगळ्यात सहज राहतो. काटकोनात तो सपाट व्हायला लागतो. पुढे स्वीडनमध्ये नाकेमसन यांनी माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. १९९९ साली जर्मनीतल्या एका गटाने एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजलं, तेव्हा बसण्या-उभं राहण्यात तेवढा फरक दिसला नाही. म्हणजे शास्त्रज्ञांचंही सगळं जुळतं असं नाही. पण मागे टेकलं की दाब उतरतो, हे दोन्हीकडे आहे. तुम्ही हे सगळं वाचलेलं नसेल. उलट्या केलेल्या खुर्च्यांवरून तुम्हाला ते कळलं, याचंच मला नवल वाटतं.

रेलण्याचा विषय निघाला म्हणून सीटखालच्या त्या गोल नॉबबद्दल. तो कशासाठी असतो हे आमच्या अख्ख्या मजल्यावर कोणाला माहीत नव्हतं. तुम्ही तो फिरवून सैल केलात आणि माझ्या वजनाला पाठ पहिल्यांदा हलली. हलक्या माणसाला कारखान्यातून आलेली स्प्रिंग इतकी कडक पडते की पाठ जागची हलतच नाही. जड माणूस त्याच खुर्चीत धाडकन मागे जातो. पायांनी न रेटता मागे जाता आलं पाहिजे आणि मध्ये कुठेही थांबता आलं पाहिजे, ही तुमची कसोटी. शिवाय खुर्ची कलवणाऱ्या साध्या मशीनमधला आणि सिंक्रो मशीनमधला फरक तुम्ही दाखवलात. साध्यात सीट आणि पाठ एकत्र कलतात, पुढचा काठ वर येतो आणि माझ्यासारखीचे पाय जमिनीवरून सुटतात. सिंक्रोत पाठ साधारण दुप्पट कलते, सीट थोडीच, त्यामुळे पाय जागेवर राहतात.

उंचीचा प्रश्न मात्र कुठल्याच खुर्चीने सुटला नसता. पाय टेकतील इतकी खुर्ची खाली घेतली की ७५ सेंटिमीटरच्या टेबलावर माझे खांदे कानांना लागतात. वर घेतली की पाय लोंबकळतात. तुम्ही म्हणालात, "टेबल खाली येत नसेल तर जमीन वर आणायची," आणि स्टोअरमधला जुना लाकडी खोका पायांखाली दिलात. आता तिथे तिरकं फूटरेस्ट आहे. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला आपटत असतील तर ते खाली घ्या किंवा काढूनच टाका, हा सल्लाही लागलीच कामी आला. हात अडल्यामुळे आम्ही सगळेच टेबलापासून लांब बसून पुढे वाकत होतो.

चाकांबद्दल थोडक्यात: गुळगुळीत फरशीला मऊ चाकं, गालिच्याला कडक. हे सांगताना तुम्ही एवढे गंभीर का झालात ते मला अजून कळलेलं नाही.

पाठ पूर्ण बरी झाली असं लिहिलं तर तुम्हीच रागवाल. "खुर्ची औषध नाही, अर्ध्या तासाने उठा," हे तुम्ही जाताना दारातून सांगितलं होतंत. उठते. पण संध्याकाळी पाठ भरून यायची ते थांबलं आहे. आणि माझ्या नव्या खुर्चीचा फोम मागच्या बाजूला बसायला लागलाय, हे तुम्हाला कळवताना मला जरा अभिमानच वाटतोय.

एक काम आहे. आमच्याकडे सहा फुटांहून उंच असा एक मुलगा आलाय. त्याला माझी जुनी खुर्ची दिली आहे. माझी अडचण त्याच्या बाबतीत बरोबर उलटी झाली. सीट त्याला थोडी आखूड पडते, आणि कंबरेचा आधार सगळ्यात वर घेतला तरी कंबरेच्या बाकाच्या खालीच लागतो. त्या खुर्चीची पाठ आणखी वर चढवता येईल का, की दुसरीच बघावी लागेल? पुढच्या खेपेला येताना टेप आणा. या वेळी तुमच्या वेळाचे पैसे आधीच मंजूर करून घेतले आहेत.

तुमची आभारी,
हिशेब विभागातली, फूटरेस्ट वापरणारी